निकालापूर्वीचा तुरुंगवास आणि आरोपीचा बचाव : नव्या फौजदारी कायद्यांच्या संदर्भात एक विवेचन

१. प्रस्तावना

गुन्हा सिद्ध होईपर्यंत आरोपी निर्दोष मानला जातो, हे फौजदारी न्यायशास्त्राचे मूलतत्त्व होय. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ते पहिल्याच वर्षी शिकविले जाते. परंतु राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या कारागृहविषयक आकडेवारीनुसार २०२२ या वर्षाच्या अखेरीस देशातील कारागृहांत एकूण ५,७३,२२० बंदी होते व त्यांपैकी ४,३४,३०२ हे न्यायाधीन बंदी, म्हणजे ज्यांच्या खटल्याचा निकाल लागलेला नाही असे होते. शंभर बंद्यांपैकी सुमारे शहात्तर व्यक्ती कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतानाही गजाआड होत्या. तत्त्व आणि वस्तुस्थिती यांमधील ही दरी बचाव पक्षाच्या वकिलाला रोज अनुभवास येते.

फौजदारी वकिलाचे काम म्हणजे उलटतपासणी आणि अंतिम युक्तिवाद, अशी सर्वसामान्य समजूत चित्रपट व नाटकांनी रूढ केली आहे. प्रत्यक्षात आरोपीच्या भवितव्याचा मोठा भाग त्याआधीच, म्हणजे अटक, कोठडी व जामीन या टप्प्यांवर ठरून जातो. पाच वर्षे तुरुंगात राहून निर्दोष सुटलेल्या माणसाला निकालाने त्याची नोकरी, शेती किंवा मुलांचे शिक्षण परत मिळत नाही. म्हणूनच बचावाचे खरे क्षेत्र निकालापूर्वीच्या काळात आहे.

भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे २०२३ साली संमत झाले व १ जुलै २०२४ पासून अंमलात आले. त्यांनी अनुक्रमे १८६० ची भारतीय दंड संहिता, १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता आणि १८७२ चा पुरावा अधिनियम यांची जागा घेतली. १ जुलै २०२४ पूर्वीपासून प्रलंबित असलेले तपास व खटले जुन्या प्रक्रियेनुसारच चालू असल्याने सध्या वकिलांना दोन्ही संहिता हाताशी ठेवाव्या लागतात. या स्थित्यंतरात आरोपीच्या स्वातंत्र्याचे काय झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात बचाव पक्षाच्या दृष्टीने केला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे

१) बचाव पक्षाच्या वकिलाच्या कार्याचे वैधानिक व नैतिक अधिष्ठान स्पष्ट करणे.
२) अटक, कोठडी व जामीन यांसंबंधीच्या तरतुदींतील बदलांचे विवेचन करणे.
३) या तरतुदींचा लाभ गरीब आरोपीपर्यंत पोहोचण्यातील अडचणी व त्यांवरील उपाय मांडणे.

३. बचावाचे अधिष्ठान

'गुन्हेगाराची बाजू वकील का घेतात?' हा प्रश्न समाजात वारंवार विचारला जातो. या प्रश्नातच एक चूक दडलेली आहे. न्यायालयाचा निर्णय होण्यापूर्वी समोरची व्यक्ती गुन्हेगार आहे हे प्रश्नकर्त्याने गृहीत धरलेले असते. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २२(१) नुसार अटक झालेल्या व्यक्तीला आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला घेण्याचा व त्याच्यामार्फत बचाव करण्याचा हक्क आहे. अनुच्छेद २१ जीविताचे व व्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण करतो, तर १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने समाविष्ट झालेला अनुच्छेद ३९-अ मोफत विधिसाहाय्याचे दायित्व राज्यावर टाकतो. आरोपीच्या दोषित्वाबद्दल वकिलाचे वैयक्तिक मत काहीही असले तरी त्याने आरोपीचा बचाव स्वीकारावा, असे भारतीय वकील परिषदेच्या आचारनियमांतही नमूद आहे.

असे असूनही, एखाद्या क्षोभकारक घटनेनंतर आरोपीचे वकीलपत्र कोणीही घेऊ नये, असे ठराव ठिकठिकाणच्या वकील संघांनी केल्याची उदाहरणे आहेत. ए. एस. मोहम्मद रफी विरुद्ध तामिळनाडू राज्य या प्रकरणात २०१० साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठराव बेकायदेशीर व व्यावसायिक नीतिमत्तेच्या विरुद्ध असल्याचे स्पष्ट केले. मुंबईवरील २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यातील जिवंत पकडलेल्या हल्लेखोराच्या अपिलात २०१२ साली निर्णय देताना याच न्यायालयाने फाशीची शिक्षा कायम केली. मात्र त्याच निकालपत्रात, आरोपीला प्रथम हजर केले जाताच वकिलाचा सल्ला घेण्याच्या व गरज पडल्यास मोफत वकील मिळण्याच्या हक्काची जाणीव करून देणे हे दंडाधिकाऱ्याचे कर्तव्य आहे, असे ठामपणे नोंदविले. अत्यंत घृणास्पद गुन्ह्याच्या खटल्यातही प्रक्रियेचे पावित्र्य राखल्यामुळे त्या निकालाचे बळ वाढले, हे येथे लक्षात घ्यावयास हवे.

जामिनाचा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी जामीन मंजूर केला. त्या वेळी टिळकांच्या बाजूने काम पाहणाऱ्या वकिलांत दिनशा दावर हे होते. पुढे १९०८ मध्ये टिळकांवर पुन्हा राजद्रोहाचा खटला भरला गेला, तेव्हा हेच दावर न्यायमूर्तीच्या आसनावर होते. बॅरिस्टर मोहम्मद अली जिना यांनी केलेला जामीन अर्ज त्यांनी फेटाळला आणि खटल्याअंती टिळकांना सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. आरोपी तोच, आरोपाचे कलमही तेच. तरी एका न्यायासनाने स्वातंत्र्य दिले व दुसऱ्याने नाकारले. जामिनाचा निर्णय न्यायाधीशाच्या विवेकाधिकारावर किती अवलंबून असतो व म्हणून त्या अधिकाराला निश्चित निकषांची चौकट किती आवश्यक असते, हे या प्रसंगातून दिसून येते.

४. अटक आणि पहिले चोवीस तास

अटक केलेल्या व्यक्तीला प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर हजर करणे बंधनकारक आहे (अनुच्छेद २२(२), नागरिक सुरक्षा संहिता, कलम ५८). अटकेची कारणे कळविणे (कलम ४७), नातेवाइकांना किंवा आरोपी सांगेल त्या व्यक्तीला माहिती देणे (कलम ४८) आणि चौकशीदरम्यान, संपूर्ण वेळ नसली तरी, वकिलाची भेट होऊ देणे (कलम ३८) हीही पोलिसांची कर्तव्ये आहेत. डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या निर्णयातील मार्गदर्शक तत्त्वांचा प्रभाव या तरतुदींवर स्पष्टपणे जाणवतो.

बचावाच्या दृष्टीने येथे दोन प्रश्न महत्त्वाचे ठरतात. पहिला प्रश्न अटक आवश्यक होती काय, हा होय. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत सरसकट अटक करू नये, प्रथम हजेरीची नोटीस द्यावी आणि दंडाधिकाऱ्यानेही यांत्रिकपणे कोठडी मंजूर करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य (२०१४) या प्रकरणात बजावले. नोटिशीची ही तरतूद आता कलम ३५(३) मध्ये आहे. तीन वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात आरोपी दुर्बल असेल किंवा साठ वर्षांवरील असेल, तर पोलीस उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी घेतल्याशिवाय त्याला अटक करता येत नाही, ही कलम ३५(७) ची तरतूद नवी व स्वागतार्ह आहे.

दुसरा प्रश्न अटकेची कारणे कशी कळविली, हा आहे. 'अमुक कलमाखाली अटक' एवढे सांगणे म्हणजे कारण सांगणे नव्हे. पंकज बन्सल (२०२३) या मनी लाँड्रिंगच्या प्रकरणात व प्रबीर पुरकायस्थ (२०२४) या बेकायदेशीर कृत्ये प्रतिबंधक कायद्याखालील प्रकरणात, कारणे लेखी स्वरूपात न दिल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने अटक अवैध ठरविली. महाराष्ट्रातून गेलेल्या एका प्रकरणात नोव्हेंबर २०२५ मध्ये हे तत्त्व सर्व गुन्ह्यांना लागू करण्यात आले. कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यावीत. तत्काळ देणे अशक्य असल्यास ती तोंडी सांगून दंडाधिकाऱ्यासमोर हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी लेखी द्यावीत, असा तो दंडक आहे. हा दोन तासांचा अवधी किरकोळ वाटला तरी वकिलाच्या लेखी तो मोलाचा आहे. कारणच माहीत नसेल तर कोठडीला विरोध कशाच्या आधारे करावयाचा?

५. पोलीस कोठडीच्या तरतुदीतील बदल

जुन्या संहितेच्या कलम १६७ खाली पोलीस कोठडी पहिल्या पंधरा दिवसांपुरतीच देता येते, असा अर्थ सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या अनुपम कुलकर्णी प्रकरणात लावला होता. त्यानंतर आरोपी न्यायालयीन कोठडीत जात असे व जामीन अर्जाचा मार्ग प्रत्यक्षात मोकळा होत असे. नव्या संहितेच्या कलम १८७ नुसार पोलीस कोठडीची एकूण कमाल मर्यादा पंधरा दिवसच राहिली. तथापि ती सलग किंवा तुकड्यांनी, तपासाची मुदत साठ दिवसांची असेल तर पहिल्या चाळीस दिवसांत आणि नव्वद दिवसांची असेल तर पहिल्या साठ दिवसांत केव्हाही मागता येते.

तपासयंत्रणेची अडचण या बदलामागे आहे, हे मान्य करावे लागेल. आरोपी रुग्णालयात दाखल झाला किंवा नवा धागा उशिरा हाती लागला, तर जुन्या तरतुदीमुळे कोठडीतील चौकशीची संधी हुकत असे. परंतु बचाव पक्षाची भीतीही निराधार नाही. कोठडीचे काही दिवस शिल्लक ठेवून जामीन अर्जाला विरोध करता येईल, तसेच कारागृहातून पुन्हा पोलीस ठाण्यात जाण्याची टांगती तलवार आरोपीच्या डोक्यावर दोन महिने राहील, अशी ती भीती आहे. यावरील उतारा संहितेतच आहे. पहिल्या पंधरा दिवसांनंतर पोलीस कोठडीची गरज भासू शकते, एवढ्याच कारणावरून अन्यथा पात्र असलेल्या आरोपीला जामीन नाकारता येणार नाही, असे कलम ४८० च्या एका परंतुकात म्हटले आहे. मात्र परंतुक कायद्यात असणे पुरेसे नसते; नेमक्या क्षणी ते न्यायालयाच्या निदर्शनास आणणारा वकील लागतो.

६. मुदतीत दोषारोपपत्र न आल्यास मिळणारा हक्काचा जामीन

तपास ठरावीक मुदतीत पूर्ण होऊन दोषारोपपत्र दाखल झाले नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क प्राप्त होतो. व्यवहारात यास 'डिफॉल्ट जामीन' म्हणतात. गुन्ह्याच्या गांभीर्याचा विचार येथे केला जात नाही. बिक्रमजित सिंग (२०२०) या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अनुच्छेद २१ चाच भाग मानला आहे.

हा हक्क दिनदर्शिकेवर अवलंबून असल्यामुळे दिवसांची गणना काटेकोरपणे करावी लागते. प्रथम कोठडी दिल्याचा दिवस मोजणीत धरावा, असे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निश्चित केले. उदाहरणार्थ, आरोपीला प्रथम कोठडी १ जुलै रोजी मिळाली व मुदत साठ दिवसांची असेल, तर साठावा दिवस २९ ऑगस्ट हा येतो. त्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र आले नाही, तर ३० ऑगस्ट रोजी हक्क निर्माण होतो. परंतु दोषारोपपत्र दाखल होण्यापूर्वी अर्ज करणे आवश्यक असते. आरोपीने अर्ज करून जामीन देण्याची तयारी दर्शविली की त्याने हक्क बजावला असे समजावे, हे उदय मोहनलाल आचार्य विरुद्ध महाराष्ट्र राज्य (२००१) या निर्णयाने स्पष्ट झाले. ३० ऑगस्टच्या सकाळी वकिलाने अर्ज केला नाही आणि दुपारी दोषारोपपत्र आले, तर तो हक्क लोपतो. ज्याला वकीलच नाही, त्या आरोपीला असा हक्क होता हेसुद्धा कळत नाही.

मुदत साठ दिवसांची की नव्वद दिवसांची, याबाबतही वाद आहे. जुन्या कलमात 'दहा वर्षांपेक्षा कमी नाही' अशी शब्दयोजना होती. राकेश कुमार पॉल विरुद्ध आसाम राज्य (२०१७) या प्रकरणात बहुमताने असे ठरले की, किमान शिक्षा दहा वर्षांची असेल तरच नव्वद दिवस लागू होतात. नव्या कलमात 'दहा वर्षे किंवा अधिक' असे शब्द आले आहेत. कमाल शिक्षा दहा वर्षे असलेल्या गुन्ह्यांतही आता नव्वद दिवस मिळतात, असा सरकार पक्षाचा युक्तिवाद असतो. तर संदिग्ध तरतुदीचा अर्थ स्वातंत्र्याच्या बाजूने लावावा, असे बचाव पक्ष म्हणतो. तीस दिवसांच्या स्वातंत्र्याचा प्रश्न अशा रीतीने दोन-तीन शब्दांवर येऊन ठेपतो.

७. जामीन मंजूर, तरीही तुरुंग

जामीन हा नियम व तुरुंग हा अपवाद, हे सूत्र राजस्थान राज्य विरुद्ध बालचंद (१९७७) या प्रकरणात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी मांडले. त्यांच्याच लेखणीतून १९७८ चा मोती राम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य हा निर्णय उतरला. त्यातील आरोपी गरीब गवंडी होता. त्याच्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला व त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारण्यात आला. सर्वोच्च न्यायालयाने रक्कम एक हजारावर आणली आणि गरिबाला झेपणार नाही असा जामीन म्हणजे जामीन नाकारण्यासारखेच आहे, ही दृष्टी दिली. त्यापाठोपाठ १९७९ मध्ये हुसैनारा खातून प्रकरणाने बिहारमधील कारागृहांत वर्षानुवर्षे खितपत पडलेल्या न्यायाधीन बंद्यांची स्थिती देशापुढे आणली.

आजही जामीनदार म्हणून ऐपतीचा दाखला, सातबारा उतारा किंवा शिधापत्रिका घेऊन येणारी स्थानिक व्यक्ती अपेक्षित असते. ऊसतोड कामगार, भटक्या समाजातील व्यक्ती किंवा परप्रांतीय मजूर यांच्याकडे असा जामीनदार क्वचितच असतो. जामिनाचा आदेश हाती असूनही ते कारागृहातच राहतात. यावर उपाय म्हणून सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२३ रोजी निर्देश दिले. सात दिवसांत सुटका न झाल्यास कारागृह अधीक्षकाने जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाच्या सचिवास कळवावे आणि महिनाभरात जामीन भरला न गेल्यास न्यायालयाने स्वतःहून अटी शिथिल करण्याचा विचार करावा, असे त्यात म्हटले आहे. बंधपत्राची रक्कम अवाजवी असू नये, हे कलम ४८४ मध्येही नमूद आहे.

नव्या संहितेचे कलम ४७९ या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. पूर्वीच्या कलम ४३६-अ नुसार कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कारागृहात काढलेल्या न्यायाधीन बंद्याची जामिनावर सुटका अपेक्षित होती. आता प्रथमच गुन्ह्याचा आरोप झालेल्या, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या व्यक्तीसाठी ही मर्यादा एक-तृतीयांश करण्यात आली असून न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकण्यात आली आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या प्रकरणांनाही हा लाभ मिळेल, हे ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात स्पष्ट झाले. तथापि मृत्युदंड किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ही तरतूद लागू नाही. शिवाय एकापेक्षा अधिक गुन्ह्यांचा तपास, चौकशी किंवा खटला प्रलंबित असल्यास त्या व्यक्तीला या कलमाखाली सोडता येत नाही. व्यवहारात एकाच प्राथमिक माहिती अहवालात अनेक कलमे लावली जात असल्याने हा अपवाद मूळ तरतुदीलाच गिळून टाकील, अशी रास्त शंका बचाव पक्षाकडून व्यक्त होते.

८. विशेष कायदे आणि उलटलेले गृहीतक

सर्वसाधारण कायद्यात जामीन का नाकारावा, हे सरकार पक्षाला दाखवावे लागते. काही विशेष कायद्यांत हा क्रम उलटतो. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा (कलम ३७), महाराष्ट्र संघटित गुन्हेगारी नियंत्रण अधिनियम, १९९९ अर्थात 'मोक्का' (कलम २१(४)) आणि मनी लाँड्रिंग प्रतिबंध अधिनियम, २००२ (कलम ४५) यांमध्ये आरोपी दोषी नाही असे मानण्यास वाजवी कारण आहे, याबाबत न्यायालयाचे समाधान व्हावे लागते. बेकायदेशीर कृत्ये (प्रतिबंध) अधिनियमाच्या कलम ४३-ड(५) नुसार आरोप प्रथमदर्शनी सत्य वाटल्यास जामीन देता येत नाही. मोक्कासारख्या कायद्यांत तपासाची मुदतही १८० दिवसांपर्यंत वाढू शकते.

मनी लाँड्रिंग कायद्यातील या दुहेरी अटी २०१७ मध्ये निकेश शहा प्रकरणात घटनाबाह्य ठरल्या होत्या. परंतु २०१८ च्या दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये विजय मदनलाल चौधरी प्रकरणात त्या वैध ठरविण्यात आल्या. संघटित गुन्हेगारी व दहशतवाद यांच्या तपासात साक्षीदारांना धोका असतो, म्हणून अशा कठोर तरतुदी आवश्यक आहेत, हा शासनाचा युक्तिवाद दुर्लक्षिण्याजोगा नाही. प्रश्न उद्भवतो तो खटला लांबल्यास. के. ए. नजीब (२०२१) प्रकरणातील आरोपी पाच वर्षांहून अधिक काळ तुरुंगात होता व २७६ साक्षीदार तपासावयाचे बाकी होते. जलद खटल्याच्या हक्काचा भंग होत असेल, तर विशेष कायद्यातील निर्बंध घटनात्मक न्यायालयाचे हात बांधू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मनीष सिसोदिया यांच्या प्रकरणात ऑगस्ट २०२४ मध्ये सुमारे सतरा महिन्यांच्या तुरुंगवासानंतर जामीन देताना हेच तत्त्व पुन्हा मांडले गेले. मोक्काबाबत २००५ च्या रणजितसिंग ब्रह्मजितसिंग शर्मा प्रकरणात न्यायालयाने अगोदरच सांगितले होते की, जामिनाच्या टप्प्यावर पूर्ण निर्दोषत्वाचा निष्कर्ष अपेक्षित नाही. संभाव्यतेच्या आधारे विचार पुरेसा आहे.

या निर्णयांचा लाभ ज्यांना उच्च व सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणे परवडते त्यांनाच प्रामुख्याने मिळतो. जिल्हा पातळीवरील विशेष न्यायालये मात्र कलमाच्या शब्दांना बांधलेली राहतात.

९. विधिसाहाय्याची गुणवत्ता

विधि सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार कोठडीतील प्रत्येक व्यक्ती मोफत विधिसाहाय्यास पात्र आहे. भागलपूर येथील बंद्यांना आंधळे करण्याच्या घटनेतून उद्भवलेल्या खत्री विरुद्ध बिहार राज्य (१९८१) या प्रकरणात, हे साहाय्य आरोपीला प्रथम हजर केल्यापासून मिळाले पाहिजे, असे ठरले. राष्ट्रीय विधि सेवा प्राधिकरणाने २०२२ मध्ये 'लीगल एड डिफेन्स कौन्सिल' योजना आखली. तीत नेमलेले वकील पूर्णवेळ बचावाचेच काम पाहतात. सरकारी वकिलाप्रमाणे आरोपीलाही संस्थात्मक पाठबळ मिळणे ही इष्ट गोष्ट होय. तथापि रिमांडच्या वेळी वकील आणि आरोपी यांची भेट न्यायालयाच्या व्हरांड्यात काही मिनिटांपुरतीच होत असेल, तर नेमणूक कागदोपत्रीच राहते.

१०. निष्कर्ष व सूचना

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१) नव्या संहितेत आरोपीच्या स्वातंत्र्याला पोषक (कलमे ३५(७), ४७९) आणि बाधक ठरू शकणाऱ्या (कलम १८७) अशा दोन्ही प्रकारच्या तरतुदी आहेत. त्यांचा अंतिम परिणाम संहितेच्या शब्दांपेक्षा रिमांड न्यायालयाच्या दैनंदिन व्यवहारावर अवलंबून राहील.
२) अटकेची लेखी कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत, व्यवहारात महाराष्ट्रात बहुधा मराठीत, मिळाली किंवा नाही, याची नोंद दंडाधिकाऱ्याने पहिल्याच आदेशात करावी.
३) तपासाची मुदत कोणत्या तारखेला संपते, ते प्रथम कोठडीच्या आदेशात लिहावे व आरोपीस सांगावे. त्यामुळे डिफॉल्ट जामिनाचा हक्क केवळ अज्ञानापोटी गमावला जाणार नाही.
४) कलम ४७९ मधील 'एकापेक्षा अधिक गुन्हे' या अपवादाचा अर्थ स्वतंत्र प्रकरणांपुरताच मर्यादित असावा, एकाच प्रकरणातील अनेक कलमांना तो लागू करू नये.
५) जामीनदाराच्या अटीऐवजी वैयक्तिक बंधपत्राचा अवलंब गरीब व स्थलांतरित आरोपींबाबत अधिक प्रमाणात व्हावा.

बचाव पक्षाचा वकील गुन्ह्याचे समर्थन करीत नाही. शासनाने नागरिकाचे स्वातंत्र्य हिरावून घेताना स्वतःच केलेला कायदा पाळला की नाही, हे तो तपासून पाहतो. ही तपासणी सैल झाली, तर खऱ्या गुन्हेगाराची शिक्षाही अपिलात टिकत नाही आणि निरपराध माणसाचा तुरुंगवास मात्र कोणत्याही निकालाने भरून निघत नाही. म्हणून सक्षम बचाव ही आरोपीइतकीच न्यायव्यवस्थेचीही गरज आहे.